गिऱ्हाइकाचें मोल

दुकानांतल्या प्रत्येक जिनसाला माप आहे. तांदूळ किलोवर मोजतात, कापड मीटरवर, दूध लिटरवर. कोणता माल केवढ्यास घेतला आणि केवढ्यास विकला हें दुकानदाराला झोपेंतून उठवून विचारलें तरी तो बिनचूक सांगेल. परंतु ज्याच्या जिवावर हा सारा पसारा चालतो त्या गिऱ्हाइकाचें माप कोणतें, असें विचारतांच तो थबकतो. ‘मोठें गिऱ्हाईक’, ‘जुनें गिऱ्हाईक’, ‘किरकोळ गिऱ्हाईक’ असे दोनचार शब्द तो उच्चारतो, आणि उधारी कोणास द्यावी, सूट कोणास द्यावी, कोणाच्या रागलोभाची पर्वा करावी, हे सारे निर्णय या शब्दांवरच ठरतात. गिऱ्हाइकाचें मोल खरोखर मोजतां येतें काय, आणि मोजल्यानें धंद्यांतला आपला विचार सुधारतो काय, हा आजचा विषय आहे.

हा विषय केवळ पेढीवर बसणाऱ्यांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. आज शहरांतल्या कितीतरी घरांतून डबे, शिकवण्या, शिवणकाम, फराळाचे पदार्थ असा कांहीं ना कांहीं उद्योग चालतो. आणि ज्या घरांत उद्योग नाहीं तें घरही कोणाचें तरी गिऱ्हाईक असतेंच, आणि त्याचें मोल कोणीतरी, कोठेंतरी, त्याला न सांगतां मोजीत असतें.

उदाहरणच घेऊं. पुण्याच्या एखाद्या पेठेंत एक बाई जेवणाचे डबे पोंचवण्याचा धंदा करतात असें समजा. आंकडे मी सोयीसाठीं घेतले आहेत, पण घडी अशा धंद्याचीच आहे. एका डब्याचे त्या १२० रुपये घेतात. जिन्नस, गॅस, मदतनीस बायांचा पगार आणि पोंचवण्याची मजुरी मिळून डब्यामागें ९६ रुपये खर्च येतो. म्हणजे डब्यामागें २४ रुपये उरले, आणि महिन्याचे पंचवीस डबे धरले तर एका माणसामागें ६०० रुपये. अशीं सुटीं गिऱ्हाइकें त्यांच्याकडे बरींच आहेत. त्यांशिवाय एक कचेरी रोज ४० डबे घेते, म्हणजे महिन्याला एक हजार डबे. एवढें मोठें गिऱ्हाईक म्हणून बाईंनीं भाव १०४ रुपये केला आहे. सारे डबे एका खेपेंत जात असल्यामुळें खर्चही डब्यामागें ९० रुपयांवर आला. बाकी १४ रुपये, हजार डब्यांचे १४,००० रुपये. घरांत या कचेरीचें नांव आदरानें घेतलें जातें. तिचा दूरध्वनी आला कीं हातांतलें काम टाकून सारे धांवतात.

आतां वही जरा बारकाईनें उघडूं. कचेरी चाळीस डबे सांगते खरी, पण सकाळीं अकरा वाजतां निरोप येतो, ‘आज चारजण आले नाहींत.’ अन्न शिजलेलें असतें, डबे भरलेले असतात, पैसे मात्र छत्तीसांचेच मिळतात. महिन्याचे शंभर डबे असे वायां गेले. त्यांचे १०,४०० रुपये आलेच नाहींत. चौदा हजारांतून ते वजा करा, ३,६०० उरले. या कचेरीची जेवणाची वेळ निराळी आणि तिचे डबे परत गोळा करणें जिकिरीचें, म्हणून बाईंनीं केवळ तिच्यासाठीं एक मुलगा महिना ६,००० रुपयांवर ठेवला आहे. म्हणजे बाकी संपून २,४०० रुपये खिशांतून गेले. शिवाय बिलाचे पैसे तीन महिन्यांनीं मिळतात. महिन्याचें बिल ९३,६०० रुपयांचें, म्हणजे सुमारें २,८०,००० रुपये सदैव कचेरीकडे अडकलेले. महिन्याला शेंकडा एक रुपया व्याज धरलें तरी २,८०० रुपये झाले. एकूण तोटा दरमहा सुमारें ५,२०० रुपये. चाळीस डब्यांचें हें सर्वांत मोठें गिऱ्हाईक बाईंच्या घरांतून दरमहा पांच हजारांवर रक्कम घेऊन जातें, आणि ज्यांचीं नांवेंही नीट ठाऊक नाहींत अशीं दहा सुटीं गिऱ्हाइकें मिळून सहा हजार रुपये ठेवून जातात.

येथें एक सावधगिरी पाळली पाहिजे. गिऱ्हाइकावर खर्च मांडतांना तें गिऱ्हाईक गेल्यावर जो खर्च खरोखर वांचेल तेवढाच त्याच्या नांवावर टाकावा. तो मुलगा दुपारनंतर बाजारहाट करीत असेल आणि त्याला काढतां येणार नसेल, तर त्याचे सगळे सहा हजार कचेरीच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. घरभाडें, देवघरांतील दिव्याचें तेल, असें सारें गिऱ्हाइकांवर सारखें वांटून टाकणाऱ्या हिशेबनिसांनीं पुष्कळ चांगलीं गिऱ्हाइकें कागदावर तोट्यांत घातलीं आहेत.

ही केवळ कल्पना नाहीं. आपल्या इस्त्रींत आणि विजेच्या शेगडींत जी तापणारी तार असते तिच्या एका प्रसिद्ध मिश्रधातूचें नांव कान्थाल. स्वीडनमधील हाल्स्टाहामर या गांवीं हान्स फोन कान्त्सो यानें तो सिद्ध केला आणि १९३१ मध्यें त्याच नांवाची कंपनी निघाली. १९८० नंतरच्या दशकांत या कंपनीनें आपल्या एकेका गिऱ्हाइकाचा नफातोटा निराळा काढून पाहिला. हार्वर्ड येथील अध्यापक रॉबर्ट कॅप्लन यांनीं ती हकीकत लिहून ठेवल्यामुळें ती व्यापारशिक्षणांत सर्वतोमुखीं झाली. वरवर पाहतां कंपनी नफ्यांत होती. पण तो नफा शंभर धरला, तर शेंकडा २० गिऱ्हाइकांनीं २२५ मिळवून दिले होते, मधलीं शेंकडा ७० गिऱ्हाइकें ना नफा ना तोटा अशीं होतीं, आणि उरलेल्या शेंकडा १० गिऱ्हाइकांनीं १२५ घालवले होते. सर्वांत अधिक तोटा करणाऱ्यांपैकीं दोन गिऱ्हाइकें विक्रीच्या आंकड्यानें कंपनीच्या पहिल्या तिघांत बसणारीं होतीं!

असें कां व्हावें? कारण तेंच, जें आपल्या कचेरीचें. प्रत्येक मागणीमागें कागदपत्र, यंत्राची जुळणी, बांधणी आणि रवानगी यांचा कांहीं ठराविक खर्च असतो. मागणी मोठी असो वा लहान, तो फारसा बदलत नाहीं. वर्षभरांत भरपूर माल घेणारें, पण तो थोडा थोडा, वेळोवेळीं आणि कोठारांत नसलेल्या जातीचा मागणारें गिऱ्हाईक हा ठराविक खर्च शेकडों वेळां करायला लावतें. विक्रीच्या वहींत तो दिसत नाहीं. कारखान्याच्या एकूण खर्चांत तो विरून जातो, आणि त्याचा भार मुकाट्यानें इतरांवर पडतो.

पण बाईंनीं उद्यां त्या कचेरीला नमस्कार करावा असा याचा अर्थ नव्हे. माझ्या मतें या हिशेबाचा खरा उपयोग येथूनच सुरू होतो. डब्यांची संख्या आदल्या रात्रीं नक्की करावी आणि बिल पंधरा दिवसांत फेडावें, एवढ्या दोन अटी कचेरीनें मान्य केल्या असें धरा. चौदा हजार पुरे मिळाले, मुलाचे सहा हजार गेले, पंधरा दिवसांच्या पैशांचें व्याज सुमारें पांचशें गेलें. साडेसात हजार रुपये उरले. कचेरी तीच, माणसें तींच, भावही तोच. तरी साडेबारा हजारांहून अधिक फरक पडला. तेव्हां ‘हें गिऱ्हाईक चांगलें’ आणि ‘तें वाईट’ असें जें आपण म्हणतों तें बहुधा अपुरें असतें. मोजला जातो तो त्याच्याशीं ठरलेला व्यवहार, आणि व्यवहार बोलून बदलतां येतो. बाईंना मात्र बोलण्यापूर्वीं आपला तोटा किती तें ठाऊक हवें. नाहीं तर त्या आणखी दोन रुपये सूट देऊन परत येतील.

हा झाला एका महिन्याचा हिशेब. गिऱ्हाईक महिन्यापुरतें नसतें. तें किती काळ टिकेल, हा दुसरा प्रश्न, आणि तो अधिक अवघड. याची रीत व्यापाऱ्यांच्या आधीं ज्योतिर्विदांनीं घालून दिली. धूमकेतूमुळें सर्वांस ठाऊक असलेला एडमंड हॅली यानें १६९३ मध्यें ब्रेस्लाउ शहरांतील, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथील, जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक कोष्टक प्रसिद्ध केलें. एक वर्षाचीं हजार मुलें धरलीं तर दुसऱ्या वर्षीं त्यांतलीं ८५५ उरतात, विसाव्या वर्षीं ५९८, एकविसाव्या वर्षीं ५९२. या आंकड्यांवरून, एखाद्याला आयुष्यभर दरसाल ठराविक रक्कम द्यावयाची तर आज त्याच्याकडून किती घ्यावें, हें हॅलीनें काढून दाखवलें. गिऱ्हाइकाचें पुढील मोल काढणें म्हणजे हाच हिशेब: दर महिन्याला किती उरतें, पुढच्या महिन्याला किती जण उरतात, आणि उद्यांचा रुपया आजच्या रुपयाहून किती हलका.

हॅलीच्या कोष्टकांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पहिल्या एका वर्षांत हजारांतून १४५ गळाले; वीस ते एकवीस या वर्षांत फक्त सहा. गळती आरंभीं फार, पुढें थोडी. धंद्यांतही असेंच दिसतें, आणि तेथेंच भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

बाईंकडे जूनमध्यें शंभर नवीं गिऱ्हाइकें आलीं. त्यांतलीं पन्नास नोकरीनिमित्त स्थायिक झालेलीं. दर महिन्याला शेंकडा ९० पुढें चालू ठेवणारीं. उरलेलीं पन्नास परीक्षेपुरतीं वा शिकाऊ कामापुरतीं आलेलीं. त्यांतलीं दर महिन्याला निम्मीं जाणारीं. बाईंना ही विभागणी दिसत नाहीं, त्यांना दिसतात शंभर नांवें. दुसऱ्या महिन्यांत ७० उरलीं. बाई म्हणतात, शेंकडा ७० टिकतात. या दरानें एक गिऱ्हाईक सरासरी तीन महिने दहा दिवस राहील, महिन्याचे ६०० प्रमाणें त्याचें मोल २,००० रुपये. परंतु तिसऱ्या महिन्यांत त्या सत्तरांतलीं ५३ उरतात, म्हणजे शेंकडा ७६ टिकलीं. चौथ्यांत त्रेपन्नांतलीं ४३ च्या आसपास, शेंकडा ८० हून थोडीं अधिक. बाईंना वाटतें, आमटीची चव लोकांच्या जिभेवर बसत चालली! चव उत्तम असेलही, पण या आंकड्यांत तिचा कांहीं भाग नाहीं. एकाही माणसाची निष्ठा वाढलेली नाहीं. जाणारे आधीं गेले आणि राहणारे मागें उरले, इतकेंच.

आतां खरें मोल पाहा. नोकरदार गिऱ्हाईक सरासरी दहा महिने राहतें, तात्पुरतें दोन महिने. दोहोंची सरासरी सहा महिने. म्हणजे ३,६०० रुपये. पहिल्या महिन्याच्या गळतीवरून काढलेले २,००० त्याच्या जेमतेम अर्ध्यावर येतात. अमेरिकेंतील पीटर फेडर आणि लंडन येथील ब्रूस हार्डी या दोन अध्यापकांनीं २००७ मध्यें या चुकीची गणिती मांडणी केली. त्यांचें म्हणणें इतकें सोपें आहे कीं पांढरपेशा घरांतला शाळकरी मुलगा तें कागदावर करून पाहील.

या फरकानें निर्णय कसा उलटतो तें पाहा. जाहिरातीचीं पत्रकें आणि पहिल्या कांहीं दिवसांची सवलत मिळून एका नव्या गिऱ्हाइकामागें २,५०० रुपये खर्च येईल असें कोणीं सांगितलें, तर पहिल्या हिशेबानें तो ५०० रुपयांचा तोटा, म्हणून बाई नकार देतील. दुसऱ्या हिशेबानें तो सरासरी १,१०० रुपयांचा लाभ. पण सरासरीवर थांबणेंही धोक्याचें आहे, कारण हा लाभ नोकरदारांपासून प्रत्येकीं ३,५०० मिळून आणि तात्पुरत्यांपायीं प्रत्येकीं १,३०० घालवून झालेला आहे. म्हणून शहाणपण असें कीं, नांव नोंदवतांनाच ‘आपण येथें किती दिवस आहांत?’ असा साधा प्रश्न विचारावा. आणि सवलतीचा कांहीं भाग तरी आरंभीं न देतां तिसऱ्या महिन्यांत द्यावा, कारण त्या वेळीं उरलेल्या त्रेपन्नांत चाळीसजण टिकाऊ असतात. सगळी सवलत मागें ढकलली तर गिऱ्हाईक उंबरठ्यावरच येणार नाहीं, हेंही खरें.

मोजमाप नसलें कीं त्याची जागा समजूत घेते, आणि समजूत ही पुष्कळदां दुसऱ्याच्या अंगावर बेतते. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत धंदा करणाऱ्या विलायती विमा कंपन्या येथल्या माणसाच्या आयुष्याला हलक्या प्रतीचें समजून त्याच्याकडून जबर जादा हप्ता घेत. वकील असो, सराफ असो, निर्व्यसनी असो, तो ‘नेटिव्ह’ एवढें पुरे होतें. १८७० मध्यें मुंबईंत निघालेल्या बॉम्बे म्यूच्युअल या संस्थेनें हिंदी माणसाचा विमा साधारण दरानें उतरण्यास आरंभ केला. ज्यांना इतर लोक जोखमीचें गिऱ्हाईक म्हणून दंड करीत होते त्यांच्यावर एक संस्था उभी राहिली, आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत चालली. आज यंत्रें हिशेब करतात म्हणून हा दोष गेला असें मानूं नये. राहण्याच्या वस्तीवरून वा आडनांवावरून माणसाची पत ठरवणारा हिशेब जितक्या वेगानें होतो तितक्याच वेगानें जुनी समजूत नव्या कोष्टकांत जाऊन बसते.

मग आपला अंदाज सुधारावा कसा? याबाबत व्यापाऱ्यांनीं हवामानखात्याचा धडा घ्यावा असें मला वाटतें. पाऊस चुकला कीं त्या खात्याला हंसण्याची आपल्याला संवय आहे, परंतु आपला अंदाज आधीं लिहून, मागाहून तो पडताळून पाहणारे व्यवसाय जगांत किती आहेत? १९५० मध्यें अमेरिकेच्या हवामानखात्यांतील ग्लेन ब्रायर यांनीं अंदाजाला गुण देण्याची एक रीत सुचवली. दुकानाला ती जशीच्या तशी लागू पडते. ‘हें गिऱ्हाईक दिवाळीनंतर परत येईल’ याची खात्री तुम्हांला शंभरांत ऐंशी वाटत असेल तर ०·८ असें वहींत लिहा. तें आलें, तर तुमची चूक ०·२, तिचा वर्ग ०·०४. नाहीं आलें तर चूक ०·८, वर्ग ०·६४. अशा पन्नास नोंदींची सरासरी काढली कीं आपली नजर कितपत तयार आहे तें कळतें. बडेजाव मारून ‘येणारच’ म्हणणाऱ्याला ही रीत फार महाग पडते. पेढीवरच्या जुन्या मुनिमाचा अंदाज अनेकदां खरा ठरतो हें मी नाकारीत नाहीं; त्याचे खोटे ठरलेले अंदाज कोणीं लिहून ठेवले नाहींत, एवढीच माझी तक्रार आहे.

आतां गिऱ्हाइकाच्या बाजूनें चार शब्द. इंग्लंडमधील टेस्को या दुकानसंघानें १९९५ मध्यें गिऱ्हाइकांना नोंदपत्रिका दिली, आणि कोण काय, केव्हां, किती घेतें हें दर खरेदीगणिक साठवलें जाऊं लागलें. पुढें ही रीत जगभर पसरली. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर दूरध्वनीचा क्रमांक विचारतात तो बहुधा याचसाठीं. भारताच्या संसदेनें २०२३ मध्यें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला तो याच पार्श्वभूमीवर. नव्या गिऱ्हाइकाला सवलत आणि वर्षानुवर्षें बिल भरणाऱ्याला पुरा दर, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांना आला असेल. त्यांत कृतघ्नता आहे असें आपल्याला वाटतें. हिशेबाच्या दृष्टीनें मात्र तुम्ही ‘न जाणारे’ या रकान्यांत बसलेले असतां, आणि न जाणाऱ्यावर खर्च कोण करील? वर्षांतून एकदां दुसरीकडचे दर विचारून आलेला गृहस्थ त्या रकान्यांतून बाहेर पडतो. हें माहीत असणाऱ्या गृहिणी बिल भरण्यापूर्वीं एक दूरध्वनी करतात.

राहिली एक गोष्ट. बाईंच्या यादींत एक वृद्ध गृहस्थ आहेत. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, त्यांना बिनमिठाचें आणि बिनतिखटाचें वेगळें शिजवावें लागतें, आणि मुलगा जिने चढून डबा हातीं देऊन येतो. त्यांच्या डब्याला १३० रुपये पडतात, मिळतात १२०. महिन्याला अडीचशें रुपयांचा तोटा. कोष्टक म्हणतें, हें गिऱ्हाईक सोडा. बाईंनीं तें सोडलेलें नाहीं. पूर्वीं त्यांना ‘काय होतें एवढ्यानें’ असें वाटे. आतां त्या महिनाअखेर त्यांच्या नांवासमोर २५० हा आंकडा लिहितात, आणि त्याच पानावर वर कचेरीचे साडेसात हजार मांडलेले असतात.